पाठदुखी म्हणून मंजूर झालेलं

धाकटीच्या बाळंतपणानंतर मला जोरात शिंक आली की लघवी सुटायची. दोन वर्षं मी कुणाला बोलले नाही. इथे आखातात, सालमियातल्या मैत्रिणी समुद्रावर चालायला बोलवायच्या, मी सबबी सांगायचे. शेवटी नवऱ्याला कळलं, तो म्हणाला, "कंपनीच्या इन्शुरन्समध्ये बसतं का, विचारतो."

तो बँकेत नोकरीला, तिथूनच त्याने इन्शुरन्सवाल्यांना फोन लावला. आजूबाजूला सहकारी होते, तो शब्द त्याच्या तोंडून निघेना. त्याने पाठदुखी सांगितली. पाठीसाठी फिजिओथेरपी मंजूर झाली.

"आता मी काय करू?"

"जा तर. तिथे बाईच असेल, तिला खरं सांग."

जाब्रियाच्या क्लिनिकमध्ये बाईच होती, केरळची. तरीही मला सांगवेना. कित्येक आठवडे मी ठणठणीत पाठीला शेक घेत पालथी पडून राहिले. एकदा तिने विचारलं, "दीदी, दर्द है कहाँ?" मला रडू फुटलं. तिने पडदा ओढला आणि मी अडखळत सगळं सांगितलं.

ती म्हणाली, तुमच्या पॉलिसीत हे बसेलच असं नाही, पण ती कंपनीने दिलेली जादाची पॉलिसी. रेसिडेन्सी, म्हणजे इथे राहायचा परवाना, रिन्यू करताना पैसे भरता, तो सरकारी विमा वेगळा. त्यावर तुमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात तपासतात, लागलं तर मोठ्या हॉस्पिटलात पाठवतात.

ते पैसे आम्ही दरवर्षी भरत होतो, व्हिसाची फी समजून. आणि खरं सांगायचं तर सरकारी दवाखाना आपल्यासारख्यांसाठी नाही, असं आम्ही दोघांनीही धरून ठेवलं होतं. ते आठवून जास्तच ओशाळले.

दवाखान्यात इजिप्तच्या डॉक्टरबाई होत्या. या वेळी मी नीट सांगितलं. कधीपासून, त्यांनी विचारलं. दोन वर्षं, मी म्हणाले. त्यांनी मान वर केली. "व्हाय?" मग त्यांनी पुढच्या तपासणीसाठी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

नवरा गाडीत थांबला होता.

"सांगितलंस?"

"हो."

"मीच तेव्हा फोनवर..." तो म्हणाला. त्याची समजूत घालावी असं वाटलं, पण माझीच मान वर होत नव्हती. त्याने गाडी सुरू केली.

हॉस्पिटलात शिकवलेल्या व्यायामांनी काही महिन्यांत पुष्कळ फरक पडला. मैत्रिणींबरोबर आता चालायला जाते. इतके दिवस का येत नव्हतीस, असं त्यांनी विचारलं की मी अजूनही विषय बदलते.