रेकॉर्ड संपल्यावरची खरखर

तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत की दिवाळीनंतर पणजोबांच्या रेकॉर्डी येणं का थांबलं. धाकटीने असंही विचारलं की शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये गाणं संपल्यावर कोण खोकतंय. फोनवर सांगता येईना, कारण पणजी शेजारच्या खोलीत होती आणि तिला ऐकू येतं. म्हणून लिहिते आहे.

माझे वडील, म्हणजे नाना, गेल्यावर धुळ्याचं घर आवरायला मी गेले होते. रेकॉर्डींची खोकी बैठकीत होती. भजनं, सनई, नाटकातली पदं, सिनेमाची गाणी, सगळं एकत्र. तुमचा मामेआजोबा, माझा धाकटा भाऊ, म्हणाला, "अक्का, हे तू घेऊन जा. तुझ्याकडे सगळं नंबर लावून असतं." मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाला, "आईलाही ने. तिलाही लाव एक नंबर." त्याच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, त्यामुळे ते खरंच सोयीचं होतं. आई आणि खोकी एकाच दिवशी जळगावला आली.

मी पद्धतशीर माणूस आहे. रेकॉर्डी ओल्या फडक्याने पुसल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावली, आणि रोज दुपारी एक लावायची असं ठरवलं. आईने ऐकावी, आणि मी फोनवर उतरवून तुम्हाला पाठवावी. सुरुवातीची शांतता आणि शेवटची खरखर मी कापून टाकत असे. तुम्हाला स्वच्छ गाणं मिळावं म्हणून.

आईचं जेवण तेव्हा फार कमी झालं होतं. दोन घास घेऊन ती ताट सरकवायची. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मला वाटलं, नानांची गाणी ऐकून तिला बरं वाटेल, भूक लागेल. प्लेअर मी तिच्या पलंगाशेजारी ठेवला.

"हाई काय लायेल शे?" हे काय लावलंयस, ती म्हणाली.

"नानांच्या रेकॉर्डी आहेत, आई. तुला कुठली आवडायची?"

"बठ्ठं सारखंच शे," सगळं सारखंच आहे, असं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

कित्येक दुपारी हेच. तिचं आवडतं गाणं शोधून काढायचं असा मी हट्टच धरला होता. भजन लावलं, ती झोपली. सनई लावली, ती म्हणाली, "कोनं लगीन शे?" कुणाचं लग्न आहे म्हणून. शेवटी तिला त्रास नको म्हणून मी प्लेअर बाहेरच्या खोलीत हलवला आणि माझ्यापुरतं ऐकत बसले.

त्या दिवशी नेमका तुमच्या आईचा फोन आला. मी बोलत गॅलरीत गेले. रेकॉर्ड संपली, एरवी मी लगेच उचलायचे ती सुई शेवटच्या रेघेत फिरत खर्र, खर्र करत राहिली. परत आले तर आई पलंगावर उठून बसली होती. दोन्ही तळवे समोर धरून काहीतरी थापत होती. हातात काही नव्हतं.

"तुना नानाले सांग," ती म्हणाली, "भाकर टाकस." भाकरी टाकतेय म्हणून.

तेव्हा मला समजलं. धुळ्याच्या घरी बैठक पुढे आणि स्वयंपाकघर मागे, मध्ये एक खोली. नाना पाटबंधारे खात्यात होते. सुट्टीच्या दिवशी जेवणाआधी ते एक रेकॉर्ड ऐकत. आम्ही मुलं सतरंजीवर बसायचो. आई बैठकीत कधी बसलेली मला आठवत नाही. गाणं तिच्यापर्यंत दोन दारं ओलांडून जायचं, आणि ती त्यात एकच गोष्ट ऐकायची, ते संपलं कधी. खरखर सुरू झाली की ती तव्यावर भाकरी टाकायची, म्हणजे नाना हात धुऊन पाटावर येईपर्यंत ती फुगलेली असायची. ते जेवले की मग ती जेवायची. इतकी वर्षं मी त्या घरात राहिले, आणि गाणी संपल्यावर नाना उठून आत जातात एवढंच मला माहीत होतं.

मी आनंदाने कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत ताटात घेऊन तिच्यापुढे ठेवलं.

"त्या जेवनात का?" ते जेवले का, तिने विचारलं.

मला खोटं बोलायची सवय नाही. मी म्हटलं, "आई, नाना गेले ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग रडली, पहिल्यांदाच कळल्यासारखी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. मग मी रेकॉर्ड लावणंच बंद केलं. तर तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

रविवारी भाऊ धुळ्याहून आला. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "लाव तर खरं, बघू." रेकॉर्ड संपली. आम्ही बाहेर जेवत होतो. भाऊ जेवतो कसा तुम्ही पाहिलंच आहे, भुरके मारत. पाणी प्यायला, तांब्या आपटला, घसा खाकरला. आतून आवाज आला, "जेवनात का?"

"हो, जेवलो!" तो तोंडात घास असतानाच ओरडला.

आईने अर्धी भाकरी खाल्ली. मी दाराआडून बघत होते.

"अक्का, एवढं इंग्रजी शिकवलंस कॉलेजात," जाताना तो म्हणाला, "आता खाकरायला शीक."

तेव्हापासून रोज दुपारी मी रेकॉर्ड लावते, ताट घेऊन बाहेर बसते, संपल्यावर जेवते, तांब्या आपटते आणि खाकरते. तुम्ही ऐकलात तो खोकला माझाच. पहिल्या दिवशी आई आतून काळजीने म्हणाली होती, "त्यासले खोकला शे का?" मी एकटीच हसले. मग जेवणावरचं मनच उडालं, पण ताट संपवावं लागलं, कारण ते रिकामं झाल्याचा आवाज तिला ओळखू येतो.

एक दिवस दुपारभर वीज नव्हती. प्लेअर चालेना. मी फोनवर उतरवलेलं गाणं बाहेर लावलं. गाणं संपलं. खोली अगदी गप्प झाली, पंखासुद्धा बंद. मी आत गेले, तर आई हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली होती.

"आई, संपलं गाणं."

"नही," ती म्हणाली. "आजून चालूच शे."

शेवटची खरखर मीच कापली होती ना. त्या दिवशी ती जेवली नाही. वीज आली तोवर ती झोपून गेली होती.

म्हणून पुढच्या रेकॉर्डी आल्या नाहीत. अर्धी खोकी ऐकायची तशीच आहेत. ज्या रेकॉर्डची खरखर सगळ्यात मोठी, तीच मी रोज लावते. तुम्हाला शेवटी पाठवलं ते त्याच रेकॉर्डचं. ते शेवटाशिवाय पाठवायचा मला धीर झाला नाही.

हे काल लिहून संपवलं होतं. आज थोडं जोडते.

आज रेकॉर्ड संपली, मी जेवले, तांब्या ठेवला, खाकरले. आतून तिने विचारलं, "जेवनात का?"

"हो आई, जेवले." ताट घेऊन मी आत गेले. तिने भाकरीकडे पाहिलं, बोटाने भरीत जरासं हलवलं, आणि सगळी कामं आवरल्यासारखा पदर सारखा केला.

"मंग झाकी ठेव," ती म्हणाली.

"तू जेव ना, आई. ते जेवले आता."

"झाकी ठेव," ती पुन्हा म्हणाली, माझी समजूत घालावी तशी, आणि आडवी झाली.

मी ताट झाकलं. बाहेर सुई अजून फिरतच होती. ती उचलायला मी गेले नाही. खरखर थांबली नाही तर ती कदाचित पुन्हा उठून बसेल, म्हणून झाकलेलं ताट मांडीवर घेऊन तिच्या पायाशी बसून राहिले.