आप्पांची पहिली सही

माने सरांनी माझ्या चुलत्याच्या आयुष्याचं वाटोळं केलं.

आज सकाळी सर गेले, आणि मी ड्यूटीवर बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

दोन्ही खरं आहे.

जत तालुक्यातलं आमचं हायस्कूल. नववीला सर इतिहास शिकवायचे. शनिवारी शेवटच्या तासाला पुस्तक मिटायचे आणि सिलॅबसमध्ये नसलेलं सांगायचे. जर्मनीतल्या हुकूमशाहीत डॉक्टर नुसता फॉर्म बघून माणसाचा निकाल कसा लावायचे, ते मी त्यांच्याकडूनच ऐकलं.

एकदा म्हणाले, "डॉक्टर एकटा काही करू शकत नाही. त्याच्यापर्यंत माणूस आणून सोडणारा लागतो. तो कोण असतो, ते शोधा."

मग आणीबाणी शिकवली. नसबंदीच्या केसेस आणायचा कोटा तेव्हा शिक्षकांनाही होता. त्यावरच प्रोजेक्ट दिला. घरात विचारा, जे सांगतील तेच लिहा, सुधारू नका.

मी आप्पांना विचारलं. माझे धाकटे चुलते. मेंढरं राखायचे, लग्न झालेलं नाही. ताप आला तरी दवाखान्याची पायरी चढायचे नाहीत. कुठल्याही कागदावर कायम अंगठा. आम्ही पोरं त्यांना अडाणी समजून हसायचो. आज त्याची लाज वाटते.

आप्पा काठीनं माती उकरत बसले.

"मला सही येती पोरी. मोठ्या मानसांच्या शाळंत गुरुजीनं शिकीवली. पैली सही त्येंच्याच म्होरं केली. म्हनले, डोळं तपासायचा कागद हाय."

आप्पा तेव्हा वीस वर्षांचे. लग्न ठरलेलं. नसबंदी झाल्याचं गावात कळलं आणि मोडलं. पुन्हा जमलंच नाही.

गुरुजी कोण, विचारलं.

"तुमचं मानेसरच की."

आठवडाभर मी वही दिली नाही. मुलींना दहावीपर्यंत शिकवा म्हणून माझ्या वडिलांशी भांडलेले हेच सर. नाव गाळलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण आप्पांचं तोंड डोळ्यांसमोरून जाईना. शेवटी लिहिलं. पूर्ण नाव लिहिलं.

सोमवारी सरांनी माझी वही वर्गात वाचली. नावासकट.

वाचून झाल्यावर म्हणाले, "आणून सोडणारा कोण असतो, विचारलं होतं ना? मी. नवीन लागलो होतो. केस नाही तर नोकरी नाही, असं सांगितलं होतं. नोकरी ठेवली."



संध्याकाळी सर आमच्या घरी आले. आप्पांनी त्यांना बसा म्हटलं नाही. सरांनी उभ्यानंच हात जोडून माफी मागितली.

आप्पा एवढंच म्हणाले, "धा वर्सं झाली तुमी हायस्कुलात येऊन. शाळंपास्नं आमचं घर किती लांब हाय?"

सर चप्पल घालून निघून गेले.

वही अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर लाल पेननं शेरा आहे, 'हे खरे आहे', आणि खाली सरांची सही.

मी आता सांगलीत नर्स आहे. ऑपरेशनच्या कागदावर सही घ्यायच्या आधी कागद मोठ्यानं वाचून दाखवते. डॉक्टर वैतागतात. वैतागू देत.

मघाशी आप्पांना फोन केला. सर गेले म्हणून सांगितलं. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता.

मग म्हणाले, "गावात समदी म्हनत्यात, सही तू केलीस, चूक तुजी. तुजी न्हाई, माजी, म्हननारा त्यो एकलाच हुता. आता त्यो बी गेला."

मातीला येणार का, विचारलं.

"मी न्हाई यायचा. तू जा."

सर, मी निघालेय. आप्पा येणार नाहीत. त्यांच्या वतीनं तुम्हाला माफ करायचा हक्क मला नाही, आणि मी तो घेणारही नाही.

तुमच्या विद्यार्थिनीचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.