लिहिणाऱ्याची बाजू ओळखायला शिकवणाऱ्या भोईरबाई

भोईरबाईंच्या आधी मला त्यांच्या आवाजाची ओळख झाली. उल्हासनगरच्या आमच्या प्राथमिक शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. शेजारच्या चौथीच्या वर्गातून कुणीतरी खणखणीत विचारत होते, "हा लिहिणारा आपल्याकडून काय मागतोय?" मला वाटले, चोरबीर पकडला की काय! डोकावून पाहिले, तर फळ्यावर कपड्यांच्या दुकानाची जाहिरात चिकटवलेली. एक मुलगी म्हणाली, "बाई, त्याला वाटतं आपण पळत यावं. म्हणून 'सेल संपत आला' लिहिलंय. दिवाळीपासून बोर्ड तिथंच लटकतोय." वर्ग खो खो हसला. बाईंनी मात्र गंभीरपणे विचारले, "मग लिहिणारा कुणाच्या बाजूचा?"

"दुकानदाराच्या!" सगळा वर्ग ओरडला.

बाईंची पद्धत अशी. त्या फळ्यावर उतारा लिहीत आणि खालचा अर्धा भाग वर्तमानपत्राने झाकून टाकत. वरचे वाचून मुलांनी सांगायचे, लिहिणाऱ्याचे मत काय असेल आणि खाली तो काय म्हणेल. नुसता अंदाज चालत नसे, कोणत्या शब्दावरून ते बोट ठेवून दाखवावे लागे. एवढ्याशा मुलांना हे कसे झेपणार, अशी शंका मी काढली. बाई म्हणाल्या, "अगो, भांड्यांच्या आवाजावरून पोरांना आईचा राग कळतो. मग शब्दांवरून परक्याचा का नाही कळणार?" बाईंचे माहेर चामटोली गावातले, शेतकऱ्याचे. आनंद झाला किंवा राग आला, की त्यांच्या बोलण्यात हा 'अगो' हमखास येतो.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात कुणीतरी त्यांना 'शांत स्वभावाच्या' म्हटले असेलच. ते धादांत खोटे आहे. बाई चिडतात, आणि चिडल्या की मुख्याध्यापकही ऑफिसातून लवकर बाहेर येत नसत. पण माझ्या सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा न सांगता माझा वर्ग आपल्या वर्गात बसवून घेणाऱ्याही त्याच. अंबरनाथच्या घरून येताना माझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणत आणि "उरल्या होत्या" म्हणत. मऊ, ताज्या भाकऱ्या रोज कशा उरतात, हे मी कधी विचारले नाही.

त्यांचा मोठेपणा मला खऱ्या अर्थाने कळला तो एका फुटलेल्या माठामुळे. मधल्या सुट्टीत वर्गातला माठ फुटला. पाण्यासाठी झोंबत होते दोघे. एक निखिल, अभ्यासात पहिला आणि बाईंचा लाडका. दुसरी रोशनी, जिची भांडणे नेहमीचीच. रोशनीची शेजारीण शाळेत आली होती, तिच्याबरोबर बाईंनी तडकाफडकी रोशनीच्या आईला निरोप धाडला, उद्या भेटायला या. मग त्याच प्रसंगाचा उतारा, नावे न घालता, फळ्यावर लिहिला आणि खालचा भाग झाकला. आपण अगदी तटस्थ लिहिले आहे, अशी त्यांची खात्री होती.

माझा वर्ग त्या वेळी खेळाच्या तासाला गेला होता, म्हणून मी बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर वह्या तपासत बसले होते.  निखिल उठला. "बाई, लिहिणारा माझ्या बाजूचा आहे."

"कशावरून?"

तो फळ्यापाशी गेला. "मी माठाला हात लावला तर 'सावरायला गेला'. तिनं लावला तर 'हिसका दिला'. बाई, खेचत तर आम्ही दोघंपण होतो." मग झाकलेल्या कागदाकडे बघून म्हणाला, "खाली तिलाच शिक्षा असणार."

बाईंनी कागद काढला. खाली त्या मुलीच्या आईला बोलावल्याचेच लिहिले होते. रोशनी हुंदके देऊ लागली. "बाई, आई बोलली, आणखी एक कम्प्लेंट आली तर शाळा बंद. घरी बसून धागे कापायचे." तिची आई कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे घरी आणून त्यांचे धागे कापत असे.

बाईंनी फळा पुसला आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "निखिल बरोबर आहे. रोशनी, माझं चुकलं." पण निरोप तर केव्हाच गेला होता. शाळा सुटताच बाई शहाडच्या बाजूला रोशनीच्या घराकडे निघाल्या. मी सोबत गेले, कारण त्यांचा चेहरा पाहून मलाच राहवेना.

आई दारातच पँटच्या ढिगात बसलेली. आम्हाला पाहताच म्हणाली, "समजलं मला मॅडम. उद्यापासून नाय येणार ती."

बाई उभ्यानेच म्हणाल्या, "ताई, निरोप मी पाठवला आणि तो चुकीचा होता. तिला न विचारता मी तिच्यावर खापर फोडलं. वर्गात माफी मागितली, आता तुमची मागायला आले."

तिने कात्री खाली ठेवली. "शाळेतून आमच्या घरी आतापर्यंत कम्प्लेंटच आली मॅडम. माफी पहिल्यांदा आली."  मग आत वळून ओरडली, "रोशनी, युनिफॉर्म भिजत टाकला का गं? उद्या काय घालणार?"

परतीच्या वाटेवर बाई डोळे पुसत होत्या, मीही पुसत होते. रोशनी चौथी पास झाली आणि पुढेही शिकली.

आज बाईंच्या वयाची साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे धडधाकट राहोत, आवाज असाच खणखणीत राहो आणि त्यांना शंभरी लाभो. आणि त्या प्रत्येक वर्षी त्यांच्यासमोर उभे राहून "बाई, तुमचं चुकलं" म्हणणारे एक तरी मूल त्यांना भेटो. नाहीतर बाईंना अन्न गोड लागायचे नाही.