चारही लावून दाखवा

कॉम्प्युटरच्या दुकानदारानं पहिलाच प्रश्न टाकला, "मावशी, नातवासाठी का?" म्हटलं, माझ्यासाठी. तो हसला नाही, पण दाबलेलं हसू मला कळतं. एकाच कॉम्प्युटरवर खेळाच्या चार खिडक्या उघडायच्यात आणि चार खेळाडू एकदम चालवायचेत, असं सांगितल्यावर तर त्यानं माझ्यामागं कोणी आलंय का ते बघितलं. कोणी नव्हतं. जुळे सोलापुरातनं मुलगा यायला तयार होता, मीच नको म्हटलं. तो आला असता तर त्यानं माझ्या हातात टीव्ही देऊन घरी पाठवलं असतं.

त्याचं एकच पालुपद, "आई, बाबांना आता आराम दे. खेळबिळ बास." त्याचे बाबा म्हणजे आमचे हे. दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं तोंडातल्या तोंडात राहायला लागलं. कापडाचे माग विकल्यापासून आम्ही दोघं किल्ल्यांचा एक ऑनलाइन खेळ खेळायचो. दोन खेळाडू ह्यांचे, दोन माझे, आणि दोघांचे दोन जुनाट कॉम्प्युटर. खेळातल्या आमच्या टोळीतली पोरं कुठकुठली, पण ह्यांना काका म्हणायची. आता त्याच पोरांनी निरोप धाडला, काकांचे दोघं नुसते उभे असतात, येत्या रविवारच्या लढाईला हलले नाहीत तर त्यांच्या जागी दुसरे घेऊ. माझं डोकंच फिरलं.

सोलापूरच्या पूर्व भागात पत्र्याच्या शेडमध्ये आमचे चार माग होते. दोन हे बघायचे, दोन मी. ह्यांना ताप आला की चारही मी बघायची, आणि माझ्या बाळंतपणात चारही ह्यांनी बघितले. माणूस आडवं पडलं म्हणून त्याचा माग बंद ठेवायची रीत आमच्या घरात कधीच नव्हती. ती आता कशी सुरू होऊ देऊ?

दुकानदारानं काचेचं, रंगीबेरंगी दिव्यांचं कॅबिनेट पुढं केलं. आत म्हणे भारीतलं ग्राफिक्स कार्ड. त्याला खेळ नेटवरनं उतरवून घ्यायला लावला आणि तो उतरेपर्यंत मी स्टुलावरनं हलले नाही. त्यानं एक खिडकी उघडली.

"बघा की मावशी, लई स्पीड हाय."

"एक पळतोय ते दिसतंय. चारही लावून दाखवा."

दुसरी उघडली. तिसरी अडखळत उघडली. चौथीला सगळंच गप्प झालं, माउसचा बाणसुद्धा हलेना.

"एवढं कोण लावतं एकदम?"

"मी लावते."

मग त्याला आमच्या भाषेत सांगितलं. एका मागाला कितीही जोर द्या, दुसऱ्याला त्याचा स्वतःचा बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, लागतो, त्याशिवाय तो विणणार काय? इथं रॅमचं तेच. सोळाची घातलीय, ती बत्तीसची करा. प्रोसेसर जास्त कोअरवाला द्या. कार्ड मधलं चालेल, बाकीच्या तीन खिडक्यांचं चित्र मी साधं ठेवीन. आणि ते दिवे नकोत, मला लग्नाची वरात काढायची नाही. त्यानं दुसरा डबा जोडायला घेतला. त्यावर चारही चालल्या. अर्धा तास चालू ठेवायला लावल्या, तेव्हा कुठं मी उठले.

रविवारी दुपारी ह्यांना पाठीला उशी देऊन शेजारी बसवलं आणि पडद्याचे चार भाग केले. टोळीच्या म्होरक्यानं स्पीकरवरनं विचारलं, काकांचे दोघं कोण चालवतंय?

"मी चालवते. खेळाच्या नियमात बसतं. हरकत असेल तर आत्ताच बोला."

त्यानं आमच्या चौघांना जागा नेमून दिल्या. लढाई सुरू झाली आणि माझी बोटं पळायला लागली. हा पुढं, तो मागं, ह्याला औषध, त्याला ढाल. ह्यांच्याकडे बघायलाही सवड नव्हती. तेवढ्यात ह्यांचा डावा हात टेबलावर आपटला.

"तीन... नंबर."

झटक्यानंतर ह्यांच्या तोंडून मला स्पष्ट कळलेले हे पहिले शब्द. तिसऱ्या खिडकीतला ह्यांचा तिरंदाज भिंतीला अडकून उभा होता, आणि मला पत्ताच नव्हता. शेडमध्ये तिसऱ्या मागाचा धागा तुटला की हे असंच सांगायचे, आणि मी दरवेळी चिडायची.

समोरचा पडदा धूसर झाला. एका हातानं डोळे पुसले, दुसऱ्यानं तिरंदाज सोडवला.

"दिसतंय मला," मी ह्यांच्यावर खेकसले.