पहिल्या खरवसाचा डबा

संध्याकाळी सातला फोन वाजायचा आणि माझ्या कपाळावर आठी पडायची. पलीकडून पुण्याच्या नणंदबाई विचारायच्या, "वहिनी, आज काय चांगलं झालं?"

आई कशी आहे, असं नाही. काय चांगलं झालं, असं. त्यांनी कसलासा वर्ग लावला होता. कितीही वाईट दिवस असला तरी त्यातली एक चांगली गोष्ट शोधायची, असं तिथं शिकवायचे म्हणे. शोधायला त्यांना सवड नव्हती, म्हणून ते कामही माझ्याच गळ्यात पडलं. त्यांच्या आईचं हागणं-मुतणं काढणारी मीच आणि त्यातलं चांगलं निवडून देणारीही मीच.

सासूबाईंना, मी त्यांना आत्या म्हणते, गुढीपाडव्यानंतर अर्धांगाचा झटका आला. पणदऱ्यातल्या आमच्या गोठ्यात वैरण टाकता टाकता कोसळल्या. बारामतीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू लुळी आणि वाचा गेलेली. ज्या तोंडानं वीस वर्षं माझ्या भाकरीत, माझ्या चालण्यात, माझ्या सणसरच्या माहेरात खोट काढली, ते तोंड वाकडं होऊन गप्प झालं. आता तरी जिवाला शांतता लाभेल असं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आमचे हे लोणी देवकरला कामाला. सकाळी अंधारात कंपनीच्या गाडीनं जायचे, ते दिवेलागणीलाच परत. दिवसभर घरात आम्ही दोघीच, एक बोलू न शकणारी आणि एक बोलायला कोणी नसलेली.

सुरुवातीला मी मनापासून सांगायचे. आज घास नीट उतरला, ठसका लागला नाही. आज पाठीवरची जखम सुकली. आज डाव्या हातानं तोंडावरची माशी हाकलली. खरोखरच बारीकसारीक गोष्टी, पण मला त्यांचं अप्रूप होतं. माशी हाकलली त्या दिवशी तर मी गॅसपाशी उभी राहून एकटीच हसले होते.

पण पलीकडचं उत्तर ठरलेलं. "बघा, सुधारणा आहे ना! मग मी उगीच गडबड करत नाही, पुढच्या महिन्यात निवांत येते." मी सांगितलेल्या एकेका चांगल्या गोष्टीनं त्यांचं येणं पुढं ढकललं जात होतं. एकदा मी वैतागून म्हटलं, "आज काहीच चांगलं नाही ताई. तुम्ही या." तर मलाच म्हणतात, "असं निगेटिव्ह बोलू नका वहिनी, आईवर परिणाम होतो."

हे जवळच बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तिचं पण तितं हाय ना समदं." माझं कुठं काय हाय, हे कुणी विचारलं नाही.

आत्यांची खाट दारासमोर होती. रस्त्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला की त्यांची मान फाटकाकडं वळायची. कोण यायला हवंय ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण मला कळत होतं. लेक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गाय व्याली की पहिल्या खरवसाचा डबा लेकीला जायचा, मग शेजारीपाजारी, मग घरातले पुरुष. माझ्यापर्यंत भांड्याला चिकटलेलं यायचं. कधी कधी तेही नाही.

भाद्रपदात गाय व्याली. चिकात दूध आणि गूळ घालून मी खरवस उकडला, वड्या पाडल्या आणि हाताच्या सवयीनं पहिला डबा भरून खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला. मग एक वडी कुस्करून आत्यांना भरवायला बसले. त्यांनी घास जिभेवर घोळवला. नजर त्या डब्यावर गेली, मग फाटकावर. आणि घशातून ओढून काढल्यासारखं, पण स्पष्ट आलं, "आली का?"

माझ्या हातातला चमचा पडला. मी सात वाजायची वाट पाहिली नाही. स्वयंपाकघरात पळत जाऊन फोन लावला आणि ओरडलेच, "ताई, आत्या बोलल्या! तुम्ही आलात का विचारतायत!"

पलीकडं आनंदीआनंद. त्या रडल्यासुद्धा, खोटं कशाला बोलू. मग म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते, वहिनी? आता माझी काळजी मिटली. दिवाळी झाली की सवडीनं येते."

मी फोन ओट्यावर आदळला. इतका राग मला आत्यांचाही कधी आला नव्हता.

परत आले तर त्या फाटकाकडंच बघत होत्या. पुन्हा विचारलं, "आली का?"

येतील उद्या, असं सांगता आलं असतं. पण या बाईनं मला आयुष्यभर जे बोलायचं ते तोंडावर बोललं होतं. तिला लहान पोरासारखं फसवणं माझ्यानं होईना.

"न्हाय आत्या," मी म्हटलं. "न्हाय यायच्या त्या."

त्यांनी डोळे मिटले. कानशिलावरून ओघळलेलं पाणी मी पदरानं टिपलं. मग त्यांनी डावा हात लांबवला, चाचपडत तो डबा धरला आणि माझ्याकडं ढकलला.

"खा."

लेकीच्या डब्यातली वडी मी त्यांच्यासमोर बसून खाल्ली. त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"गूळ," त्या म्हणाल्या. मग दम घेऊन, "कमी."

सातला फोन वाजलाच. "आणखी काय चांगलं झालं आज, वहिनी?"

"काही नाही," मी म्हटलं आणि डब्यातली आणखी एक वडी तोंडात टाकली. गूळ खरंच कमी पडला होता.