आधी बोट दाखवा

माझं लग्न शाईवर ठरलं. मुलगी बघायला म्हणून आम्ही ठाकुर्लीहून ठाण्याला, कोपरीत गेलेलो. पोहे आले, मुलगी आली, आणि मुलीच्या आईने माझा पगार विचारला नाही, जागा स्वतःची की भाड्याची तेही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "डावा हात बघू." मला वाटलं, बाईंना हात बघता येतो. मी तळवा पुढे केला. त्यांनी तो पालथा केला, पहिलं बोट चष्म्याजवळ नेलं आणि नखाच्या मुळाशी उरलेली काळपट रेघ निरखून पाहिली. नुकतीच निवडणूक झालेली. "शाई आहे," त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "आता पुढचं बोला." त्या दिवशी बाबांनी मला अंगावरचं पांघरूण ओढून मतदानाला नेलेलं, पण हे तिथे कोण सांगतंय.

या सुमन साळवी. मूळच्या रत्नागिरीकडच्या, पण सगळं आयुष्य कोपरीत गेलं. पालिकेच्या शाळेत शिक्षिका. आता शिक्षकांना इलेक्शन ड्युटी लागली की अर्ध्या स्टाफरूमची पाठ धरते, कुणाचं बीपी वाढतं, कुणाच्या घरी अचानक लग्न निघतं. बाई मात्र ड्युटी लागली नाही तर रुसायच्या. केंद्रावर त्यांचं काम ठरलेलं, मतदाराच्या बोटाला शाई लावायचं. रेघ कशी हवी, तर नखावरून सुरू होऊन कातडीवर उतरणारी. नुसता ठिपका लावणाऱ्या सहकाऱ्याला त्यांनी एकदा सगळ्या रांगेसमोर सुनावलेलं, "गंध लावताय का?"

निवृत्तीनंतर हे खूळ घरी आलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी खड्ड्यांवरून, पाण्यावरून, नगरसेवकावरून तोंड सोडलं की बाई खुर्चीतून हात वर करायच्या. "आधी बोट दाखवा, मग तोंड उघडा." ज्याच्या बोटावर शाई नसे तो चहाचं बघायला उठून जाई. ती जुनी झाली, पुसली गेली, असं सांगणाऱ्यांनाही सूट नव्हती. कुणी कधी मत दिलं हे त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. कुणाला दिलं, ते मात्र त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नाही. माझे सासरेसुद्धा सांगायला गेले तर कानावर हात ठेवायच्या. "ते पडद्यामागचं. ते तुमचं."

लग्नानंतर मी आणि मीनल नोकरीसाठी जर्मनीला गेलो आणि तिथल्या एका लहानशा गावात रुजलो. नदी, एक शाळा, एक बेकरी, तासातासाने येणारी बस. बरीच वर्षं झाली, तिथलं नागरिकत्वही घेतलं. आणि मग नगराध्यक्षाची निवडणूक आली. आमच्या दारासमोरच्या खांबावर एका उमेदवाराचं पोस्टर लागलं. त्यावर लिहिलेलं, 'गाव आमचं. बाहेरच्यांनो, घरी परत जा.' गल्लीतली माणसं त्याच्याखालून मान खाली घालून जायची. कुणी आम्हाला वाईट बोललं नाही, पण पोस्टर वाईट आहे असंही कुणी बोललं नाही. मीनलला रात्री झोप लागेना. मी फोनवर गुपचूप ठाण्यातल्या कोलशेतच्या टू-बीएचकेचे भाव बघू लागलो. घर आवरून परत जायचं की राहायचं, एवढाच प्रश्न घरात उरलेला.

नेमक्या त्याच महिन्यात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "मंदारराव, तो टाय लावलेला माणूस काय म्हणतोय?" त्यांना कशाला त्रास, म्हणून मी सांगितलं, "काही नाही आई, पाणीपट्टीचं आहे." बाई निवृत्त झालेल्या, पण मास्तरकी कुठे सुटते. खाली उतरल्या, फोनचा कॅमेरा पोस्टरवर धरला आणि भाषांतर वाचून वर आल्या. "पाणीपट्टीत 'घरी परत जा' कधीपासून लिहायला लागले?" मीनल रडायला लागली. मी कोलशेतचं सांगून टाकलं. बाईंनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग माझ्याकडे वळल्या. "कोलशेत कुठे पळून जात नाही. या गल्लीत मत देतं कोण कोण?"

मला कुठे ठाऊक. खालच्या मजल्यावरच्या रेनाटे आजी देत नाहीत, एवढं माहीत होतं. त्या आम्हाला बागेतले प्लम द्यायच्या, पण मताचं काढलं की म्हणायच्या, "वरचे ठरवतात. माझ्या जाण्याने काय होतंय?" बाईंनी हे ऐकलं आणि बेसन भाजायला घेतलं.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी नऊवारी नेसावी तशा थाटात पाचवारी नेसून, वर माझं जाड जॅकेट चढवून, लाडवांचं ताट घेऊन त्या गल्लीत निघाल्या. मागे दुभाषा म्हणून मी. तिथे न सांगता कुणाची बेल वाजवायची म्हणजे केवढा अगोचरपणा, ते मला माहीत. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालेलं. पण बाईंना दुभाषा लागलाच नाही. दार उघडलं की लाडू पुढे, मग कॅलेंडरमधला रविवार, मग स्वतःचं पहिलं बोट. सगळं चोख मराठीत. "उद्या मतदान. विसरायचं नाही हं." बसचालक टोमासने दोन लाडू घेतले. आजींनी एक घेतला आणि नजर चुकवली.

मी दर दारात पुढचं वाक्य जोडायला बघत होतो, की त्या पोस्टरवाल्याला तेवढं देऊ नका. बाईंनी मला जिन्यात थांबवलं. "तो प्रचार झाला. तो तुम्ही नागरिक म्हणून करा, खुशाल करा, करायलाच हवा. पण माझ्यासोबत नको. मी ड्युटीवर आहे."

"आणि यांनी त्यालाच दिलं तर?"

"तर दिलं. पण मंदारराव, न पाहिलेल्या माणसाला घरी जा म्हणायला काही लागत नाही. ज्याच्या हातचा लाडू खाल्ला त्याला म्हणताना जरा जड जातं. उद्या जड जाऊ दे त्यांना."

रविवारी मी आणि मीनल सकाळीच शाळेत जाऊन मत देऊन आलो. बघतो तर बाई घराच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या. "बोट दाखवा." आम्ही दाखवलं. बोट कोरं. त्यांचा चेहराच उतरला. "दोघंही कॉफी पिऊन परत आलात ना?"

"आई, इथे शाई लावत नाहीत."

"लावत नाहीत म्हणजे? मग कळतं कसं?"

"यादीवर खूण करतात. बस्स."

बाई खुर्चीतून उठल्या आणि परत बसल्या. कारण आम्ही यायच्या आत त्यांनी अर्धी गल्ली झापून काढलेली. येणाऱ्याजाणाऱ्याचा डावा हात धरायचा, बोट कोरं दिसलं की डोळे वटारायचे आणि शाळेकडे हात करायचा. बिचारा टोमास खरोखर मत देऊन आलेला. काहीतरी राहिलं असेल म्हणून तो परत केंद्रावर गेला आणि बोटाचं काय करायचं असतं, असं तिथे विचारून आला. सगळ्यांनी हात मुकाट्याने दाखवलेला. एकट्या रेनाटे आजींनी तो ॲप्रनच्या खिशात लपवला, हे मात्र बाईंनी पाहिलेलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "माफी मागायला हवी." उरलेले लाडू घेऊन पुन्हा फेरी सुरू. लोक हसत होते, टोमासच्या बायकोने तर त्यांना मिठी मारली. शेवटी आजींचं दार. बेल वाजवली तर आजी कोट घालून, पर्स घेऊन, दारातच उभ्या. गुडघे धरलेले, एवढं चालवत नाही, म्हणून कुणाची तरी वाट बघत होत्या. बाईंनी ताट माझ्या हातात कोंबलं आणि आजींचा दंड धरला. दोन म्हाताऱ्या गावभर जर्मन आणि मराठी बोलत शाळेपर्यंत चालत गेल्या. काय बोलल्या देव जाणे, पण वाटेत दोघी थांबून थांबून हसत होत्या.

आजी मत देऊन बाहेर आल्या आणि त्यांनी आपणहून डावं बोट पुढे केलं. बाईंनी पर्समधून निळं बॉलपेन काढलं आणि रेघ ओढली, नखावरून कातडीवर. मग टोमास आला, त्याची बायको आली, चार अनोळखी माणसंही बोटं घेऊन उभी राहिली. तेवढ्यात केंद्रावरचा अधिकारी बाहेर आला आणि दारापासून लांब व्हा, असं नम्रपणे म्हणाला. मी वाद घालायच्या बेतात होतो. बाई शरमेने लाल झालेल्या. "त्याचं बरोबर आहे. जन्मभर मी लोकांना हेच सांगत आले." त्यांनी आपलं दुकान बेकरीसमोरच्या टेबलावर हलवलं.

तिथली मतमोजणी कुणालाही बसून बघता येते. संध्याकाळी बाई मागच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि शेवटची चिठ्ठी मोजेपर्यंत हलल्या नाहीत. पोस्टरवाला हरला, पण त्याला मतं भरपूर पडली. मी त्यांना पेढा मागायच्या मूडमध्ये होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वेळी तो परत येईल. तुम्ही असाल ना इथे?" मीनलने माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री मी कोलशेतचे सगळे फ्लॅट फोनवरून काढून टाकले.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्याच्या आठवडाभर आधी ठाण्यात मतदान होतं. धाप लागत असताना शेजाऱ्यांनी उचललेल्या खुर्चीत बसून केंद्रावर गेलेल्या. आम्ही कोपरीला पोहोचलो तेव्हा त्यांना हॉलमध्ये ठेवलेलं. मी पाया पडलो आणि हात आपोआप त्यांच्या डाव्या हाताकडे गेला. रेघ होती, नखावरून कातडीवर उतरलेली, अगदी नियमात. तोवर मी धीर धरला होता. मग मला रडू आवरेना. मला माझी आई गेल्यासारखंच वाटलं, आणि अजून वाटतं.

यंदा आमच्या गावात पुन्हा मतदान झालं. टायवाला माणूस पुन्हा खांबावर होताच. मी आणि मीनल शाळेतून बाहेर पडलो. बेकरीसमोर थोडी रांग होती. कसली म्हणून बघायला गेलो, तर टेबलापाशी रेनाटे आजी. गुडघ्यावर शाल, हातात निळं बॉलपेन. आम्हाला पाहिल्यावर त्यांनी चष्मा सारखा केला आणि बाईंकडून शिकलेले दोन शब्द, जड जिभेने पण स्वच्छ, म्हणून दाखवले.

"बोट दाखवा."

आम्ही दोघांनी डावे हात पुढे केले.