चेकसम काही जुळेना

स्वतःच्याच हुशारीनं तोंडघशी कसं पडावं, हे शिकायचं असेल तर चहा घ्या आणि माझं ऐका.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, निमगाव सावाच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीला माइकवर बोलायचे. "पावणं, पाय सांभाळा, गाडा सुटला!" एवढं कानावर आलं की माणसं टाचा उंचावून बघायची. दादा गेले, मागं त्यांच्या आवाजाची एक कॅसेट राहिली. माझा चुलतभाऊ सुदाम, त्याचं गावात मोबाइलचं दुकान, त्यानं ती कॉम्प्युटरवर घेतली आणि लगेच कॅसेटची पट्टी तुटली. म्हणजे दादांचा आवाज उरला तो त्या एका फाइलीत.

मी पुण्यातला कॉम्प्युटरवाला. घरच्यांसाठी छोटी वेबसाइट केली, फाइल तिथं ठेवली, सुदामलाही तिथं फाइल टाकायची सोय करून दिली आणि वर शहाणपणा केला. वेबसाइटवरून फाइल उतरवताना सोबत माहितीच्या चार ओळी येतात, त्यांना हेडर म्हणतात. त्यात मी मूळ फाइलीचा चेकसम घालून ठेवला. चेकसम म्हणजे अख्ख्या फाइलीवरून काढलेला एक लांबलचक आकडा. फाइलीत तिळाएवढा फरक पडला तरी तो बदलतो.

यंदा लॅपटॉप बदलला, माझी प्रत गेली. तशात यात्रा जवळ आलेली. "यात्रेला ये" असा फोन दादाच करायचे. आता कोण बोलावणार, म्हणून मी मनातल्या मनात रुसून पुण्यातच. निदान आवाज तरी ऐकतो, असं सुदामला कळवलं आणि फाइल उतरवली, तर आकडा जुळेना. आणि फाइल उतरवायला मी लिहिलेला प्रोग्राम असा कडक, की न जुळलेली फाइल पुसूनच टाकतो. लगेच सुदामला फोन लावला.

"सुदाम, फाइल खराब झालीय. काय केलंस तू?"

"चांगली वाजतीया की राव. ऐकून तर बघ."

"ऐकायचं काय त्यात? आकडा खोटं बोलत नाही. परत टाक."

त्यानं परत टाकली. परत जुळेना. परत माझा फोन, परत माझं व्याख्यान. या भानगडीत यात्रा होऊन गेली. शेवटी तणतणत गावी गेलो.

सुदामनं दुकानात फाइल लावली. दादा बोलले, सगळेच्या सगळे! मला रडू आवरेना. दादा थांबले आणि पुढं आमच्या आत्याचा आवाज आला, "बाळा, यात्रंला ये. मासवड्या करते. दादा न्हाई म्हनून येनं सोडू नको."

"हे कुणी घातलं यात?"

"आत्यानंच. म्हनली, भावाचा आवाज पोराला नुसताच कसा धाडायचा? डबा तरी रिकामा देतो का आपन? तुला सांगू नको म्हनली व्हती. तू खराब म्हनलास की बिचारी परत यायची, आन आनखी मोठ्यानं बोलायची."

आत्याकडं गेलो. ती शेंगा फोडत बसली होती.

"माजा आवाज एवढा खराब हाय व्हय रं?"

पाया पडलो आणि विचारलं, "मासवड्या उरल्यात का?"

"कुठल्या उरत्यात? तुला धाडलेलं बोलावनं ऐकून पेठचं पावणं आलं, समदी भावकी आली. लई जेवली."

त्या सगळ्यांनी तीच फाइल उतरवली होती. चेकसम म्हणजे काय, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.